खैऱ्याचं आवतण

बायनाबाईच्या अंगणात एक दुरडी चालत होती.

पंच्याऐंशी सालचा आषाढ. रात्रभर पाऊस पडून सकाळी नुसतं धुकं उरलं होतं आणि मी ओट्यावर बसून दात घासत होतो. बांबूची लहानशी उपडी दुरडी तुळशीपासून निघाली आणि उकिरड्याच्या दिशेनं सरकायला लागली. थांबायची, दम घ्यायची, पुन्हा निघायची. मी मास्तर माणूस. भूतबाधा, करणी, अंगात येणं यांवर वर्गात तास तास बोलतो. तरी खरं सांगतो, तोंडातला फेस तोंडातच राहिला.

बायनाबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून हसली.

"भिऊ नका गुरुजी. बैल हाय."

तिनं दुरडी उचलली. खाली अंगठ्याएवढा भुंगा होता. पाठ काळपट, तेल लावल्यासारखी चकचकीत. पोटाखाली खैरी लव. आणि डोक्यावर एकच शिंग, मागं वळलेलं. तिनं त्याला दोन बोटांत धरलं तसा तो चूं चूं करायला लागला. नवी चप्पल वाजते ना, तसा.

"चावत नाई," ती म्हणाली. "नुसता रागावते."

मी जवळ जाऊन पाहिलं. पायांना करवतीसारखे काटे. पाय मोजले, कारण मोजणं हा माझा धंदा आहे. डावा मागचा अर्ध्यातून तुटलेला होता.

"बाई, बैलाला चार पाय असतात. याला साडेपाच आहेत. हा बैल कसा?"

"मले दिसते न जी. म्हातारी झाली म्हनून का डोळे फुटले माहे?"

आता ही बायनाबाई कोण, ते सांगतो. कोसमटोला हे गोंडपिपरी तालुक्यातलं जंगलाला टेकलेलं गाव. दोन शिक्षकांची शाळा, त्यातला एक मी. मी भद्रावतीचा, आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, सकाळी वंदना, आणि नवससायास वर्ज्य. इथं मी बायनाबाईच्या पडवीत भाड्यानं राहत होतो. साठीच्या आसपासची विधवा, मूलबाळ नाही, तीन एकर धान आणि एक बैल. गावात तिचं शेणखत नावाजलेलं होतं. लोक म्हणत, बायनाबाईच्या उकिरड्यात काठी रोवली तरी पालवी फुटेल. बोलणं थोडं तिरकस, चालणं थोडं वाकडं आणि मनात आलं ते करणारच. असल्या बाईशी माझ्यासारख्या चिडक्या माणसाचं कसं जमलं, हे मलाही कोडंच आहे.

तिचा बैल खैऱ्या. अंगानं खैराच्या लाकडासारखा लालसर, आणि एक शिंग कधीतरी झुंजीत मोडलेलं. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून तिचा खैऱ्या आणि शेजारच्या लटारूचा ढवळ्या अशी जोडी व्हायची. आधी तिचं शेत, मग त्याचं. दहा वर्षं असंच चाललं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावायचं, पळसाच्या गरम पानानं खांदा शेकायचा आणि त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर मार खाल्लेल्या खांद्याला एवढा मान तर हवाच. चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला बायनाबाईनं खैऱ्याला तसं आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे लटारू दोन्ही बैल धुवायला नाल्यावर घेऊन गेला. त्यानं खैऱ्याला काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला बांधलं आणि ढवळ्याला पाण्यात घेतलं. वाघ काठावरच्या झुडपातून आला. बांधलेला बैल पळणार कुठं?

लोक काठ्या घेऊन धावले तोवर खैऱ्या गेला होता. इकडं बायनाबाईच्या चुलीवर पुरण शिजत होतं.

त्या दिवसापासून ती एकवेळची झाली. दुपारी मूठभर भात आणि आंबील, बस. गोडाला शिवायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पाहुन्याले आवतन देल्लं आन् तो उपाशी गेला. घरधनीन पोटभर कशी जेवन, तुमीच सांगा."

मी सांगितलं. अर्धा तास सांगितलं. माणसाला दिवसाला किती अन्न लागतं, बैलाला कानात सांगितलेलं कळत नाही, मेलेल्याला भूक नसते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या भाजीत तिखट कमी पडलं का? मिरची देऊ?" मला तिची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की मला राग येतो. त्या वर्षात मी पुष्कळ रागावलो.

खैऱ्याचं शेवटचं शेण तिनं उकिरड्याच्या एका कोपऱ्यात वेगळं ठेवलं होतं. वर पळसाची पानं, त्यावर माती. बंडी भरायला आलेल्या माणसाला ती त्या कोपऱ्याला हात लावू देत नसे. माघात एकदा तिनं पानं बाजूला केली तेव्हा मी डोकावलो. आत बोटाएवढ्या पांढऱ्या लठ्ठ अळ्या होत्या, अंगाचं वेटोळं करून झोपलेल्या, डोकं तेवढं तपकिरी. बाकीच्या बाया असल्या अळ्या कोंबड्यांना टाकतात. बायनाबाईनं त्यांच्यावर पुन्हा शेण पसरलं, पोराच्या अंगावर चादर ओढतात तसं.

"हे कायले राखता?" मी विचारलं.

"खैऱ्याचं खाऊन राह्यले न. खाऊ द्या."

वैशाखात त्या अळ्यांनी मातीची घरटी केली आणि आत गप झाल्या. मी तिला सांगितलं, आत अळीचा कोष झालाय, आता आतल्या आत सगळं बदलतंय, पंख येताहेत, नराला शिंग येतंय. मादीचं शिंग नावापुरतंच. ही माहिती मात्र तिनं मन लावून ऐकली. "शिंग एकच ना?" तिनं दोनदा विचारलं. मी हो म्हणालो, आणि तिथंच चुकलो. खैरा रंग, एक शिंग, खैऱ्याच्या शेणातून निघालेला. आषाढात पहिला भुंगा बाहेर आला तेव्हा तिच्या मनात हिशेब केव्हाच पुरा झाला होता.

"म्हणजे खैऱ्या परत आला असं म्हणता?" मी त्या सकाळी दुरडीजवळ उभा राहून विचारलं.

"नाई जी. खैऱ्या वाघानं खाल्ला. तो काऊन येईन?" तिनं भुंग्याला तळहातावर ठेवलं. "पन याच्या अंगात जे हाय ते सारं त्याचंच हाय. यानं पोयाच्या दिवशी दोन घास खाल्ले, तं आवतन पोचलं."

मी तोंड धुवायला गेलो.

मला वाटलं, ती त्याला पोळ्यापर्यंत दुरडीखाली ठेवील. पण दुसऱ्याच संध्याकाळी तिनं दुरडी उचलून ठेवली. "बांधला तं गेला होता," एवढंच म्हणाली. "चरू द्या." भुंग्यानं पाठीवरची झाकणं उघडली, आतले पातळ पंख पसरले आणि जड घरघर करत तो अंगणावरून, कुडाच्या कुंपणावरून, लटारूच्या बांधावरच्या शिंदीच्या झाडांकडे गेला.

लटारू त्या शिंदींवर जगायचा. पानं कापून त्यांचे फडे, म्हणजे झाडू, आणि चटया करायच्या आणि गोंडपिपरीच्या बाजारात विकायच्या. हा भुंगा म्हणजे त्याचा सात जन्मांचा वैरी. शिंदीच्या शेंड्यात, जिथं कोवळी पानं अजून मिटलेली असतात, तिथं भुंगा भोक पाडून आत शिरतो आणि रस पितो. त्या वेळी खालून काही दिसत नाही. पुढं महिन्यानं पान उघडतं तेव्हा दोन्ही बाजूंनी कात्रीनं नक्षी कापल्यासारखं निघतं. असल्या पानाचा फडा कोण घेणार? म्हणून लटारू रोज सकाळी वाकड्या तारेचा आकडा घेऊन झाडावर चढायचा, भोकात आकडा घालायचा आणि भुंगा टोचून बाहेर ओढायचा.

खैऱ्या गेल्यापासून लटारूनं बायनाबाईच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. समोर आली की खाली बघायचा. तिनं दिलेलं पाणीसुद्धा घेत नसे. त्या संध्याकाळी बायनाबाई स्वतःच त्याच्या कुडाशी जाऊन उभी राहिली.

"लटारूभाऊ, पोयापर्यंत आकडा नको लावजा."

त्यानं कारण विचारलं नाही. गावाला सगळं कळलंच होतं. "नाई लावत," तो म्हणाला आणि आकडा छपरात खोचून टाकला.

त्या साली श्रावण दोनदा आला. अधिक महिना. पोळा महिन्यानं पुढं गेला आणि बायनाबाईचा उपासही. पाऊस असा लागला की दिवस कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते कळेना. सगळा गाव झोपेत चालल्यासारखा. रोवणीच्या बाया चिखलात वाकून गाणी म्हणायच्या आणि ती गाणी धुक्यातून शाळेच्या खिडकीत यायची, शब्द गळून नुसता सूर उरलेला. मी फळ्यावर काय लिहितोय ते विसरायचो. मुलंही विसरायची. त्या दिवसांत मला एक वाईट खोड लागली होती. संध्याकाळी कुठं घरघर ऐकू आली की मी हातातलं काम टाकून वर बघायचो आणि मनात म्हणायचो, तो असेल का?

एका दुपारी रोवणी करता करता बायनाबाई धानाच्या बांधीत कोसळली. तोंडावर चिखल, डोळे अर्धवट मिटलेले. बायांनी उचलून घरी आणली. गोंडपिपरीच्या डॉक्टरनं तपासलं आणि मलाच दटावलं, "आजार काही नाही. अंगात अन्नच नाही. असंच चाललं तर दसरा बघणार नाही ही."

मी त्या दिवशी तिच्यावर ओरडलो. शेजारपाजारच्यांसमोर ओरडलो. "या अमावस्येला पोळा करून टाका! तो किडा काय पंचांग बघतो?"

ती खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "अधिकात पोया नसते, गुरुजी. शिकलेले हा ना तुमी."

मी पडवीत येऊन बसलो. मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही. भद्रावतीला माझी आई होती, धडधाकट होती, दोन वेळा जेवत होती. तरी मला त्या वेळी असं वाटलं की आत खाटेवर माझंच कुणीतरी पडलं आहे.

पोळ्याच्या दोन दिवस आधी लटारू शाळेत आला. मुलं घरी गेली होती. तो दारातच उकिडवा बसला आणि कमरेची गाठ सोडून त्यानं एक पान माझ्यापुढं ठेवलं. पानात भुंगा होता. मेलेला, वाळलेला, पाठीत आरपार भोक. डावा मागचा पाय अर्धा.

"पंधरा दिस झाले जी," तो म्हणाला. "सकाळी झाडावर चढलो. झोपेतच होतो म्हना. आकडा कवा हातात आला, कवा आत घातला, समजलंच नाई. बाहेर काढला तं हा."

"मागच्या साली पहिले माहा ढवळ्या धुतला जी. खैऱ्याले बांधून ठेवलं आन् पहिले आपला धुतला. तिचा पहिले धुतला असता तं वाघानं माहा नेला असता. आता हा बी माह्याच हातानं गेला." त्यानं पान पुन्हा गुंडाळलं. "तिले कसं सांगू? ती मरन ना."

मी शास्त्राचा माणूस. खोटं शिकवत नाही, खोटं बोलत नाही, असा माझा तोरा. त्या दिवशी मी लटारूला म्हणालो, "बांधावर दुसरा शिंगवाला असेलच की एखादा."

पोळ्याला दुपारी तोरणाखाली गावचे बैल उभे राहिले. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, हर हर महादेवाचा गजर झाला. मी आणि बायनाबाई घरीच होतो. बायनाबाईनं अंगण सारवलं होतं, रांगोळीच्या चौकावर पळसाची पत्रावळ मांडली होती आणि तिच्यावर पुरणपोळी, वडा, भात. दर थोड्या वेळानं ती भिंतीला हात टेकून उभी राहायची, वारं अंगातून जाईल इतकी वाळलेली. नजर कुडाकडे.

दिवस कलला तेव्हा लटारू आला. वर्षानंतर पहिल्यांदा त्यानं त्या अंगणात पाय ठेवला. खांद्यावर शिंदीचा शेंडा, हातभर लांबीचा पांढराशुभ्र गाभा. गाभा काढला म्हणजे झाड मेलं. शिंदीला दुसरा शेंडा फुटत नाही. नंतर मी बांधावर जाऊन पाहिलं. एक झाड आडवं पडलं होतं, आणि उभ्या राहिलेल्या सगळ्या शिंदींची नवी पानं कापलेली होती, एकूण एक. दोन महिने त्यानं सगळ्या भुंग्यांना चरू दिलं होतं.

गाभ्यातल्या भोकातून त्यानं अलगद भुंगा काढला. काळपट पाठ, खैरी लव, एक शिंग. पत्रावळीवर ठेवला. तो पाय आखडून मेल्यासारखा पडून राहिला.

बायनाबाई खाली बसली. "खा न रे बापा," ती म्हणाली. भुंगा हलला नाही.

मी पाय मोजले. मोजायचे नव्हते, तरी मोजले. सहा होते. तिचे डोळे अधू आहेत, मी मनाला समजावलं, तिला दिसायचं नाही.

"उजेडात खात नाई तो," लटारू हळूच म्हणाला. त्या वैऱ्याला त्याच्याइतकं कोण ओळखणार? "झाकट पडू द्या." त्यानं गाभ्याचा कोवळा तुकडा ठेचला, त्याच्या रसात पुरण कालवलं आणि भुंग्याच्या तोंडाशी ठेवलं. मग आम्ही तिघं वाट बघत बसलो. तोरणाकडून परतणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा आवाज घराघरातून विरत गेला. सारवणाचा ओला वास, ओल्या पळसाचा वास. अंगणातला उजेड हळूहळू निळा झाला, मग राखाडी. मी देवाला मानत नाही, म्हणून कुणाला काय म्हणावं ते मला सुचेना. मी भुंग्यालाच म्हणालो, मनातल्या मनात, खा रे.

दिवेलागणीला भुंग्यानं एक पाय सोडला. मग दुसरा. शिंग खाली केलं आणि पुरणात तोंड घातलं. तोंडाशी बारीक तांबूस केस असतात त्याच्या, त्यांनी तो गोड रस टिपायला लागला. बराच वेळ टिपत होता.

बायनाबाईनं हात जोडले. मग उठली आणि आणखी दोन पत्रावळी आणल्या. एक लटारूपुढं मांडली.

"बस भाऊ. जेव."

लटारू रडायला लागला. तोंडात घास आणि डोळ्यांत पाणी, तसाच जेवला, दोन पोळ्या जेवला. त्यानं हात धुतल्यावर बायनाबाई दुसऱ्या पत्रावळीवर बसली आणि तिनं पुरणपोळीचा तुकडा मोडला. वर्षात पहिल्यांदा मी तिला रात्रीचं जेवताना पाहिलं. खालच्या मानेनं, सावकाश, पोटभर जेवली.

लटारू गेला. भुंगा कधी उडाला ते कळलंच नाही. मी भांडी आत नेऊन ठेवत होतो. शेवटी राहवलं नाही.

"बाई, एक सांगायचं होतं."

"पायाचं का?" ती चुलीतली लाकडं मागं ओढत म्हणाली. "सा होते. मोजले मी बी."

मी हातातली भांडी खाली ठेवली.

"मग जेवलात कशाला?"

तिनं निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं. "लटारू सालभर माह्या हातचं पानी पेला नाई, गुरुजी. बैल तं गेलाच होता. मानूस काऊन घालवू?"

मग तिनं उरलेली पोळी झाकून ठेवली आणि म्हणाली, "सकाळी त्या कोपऱ्यातलं खत लटारूच्या बांधावर टाकून देजा. एक झाड गेलं बिचाऱ्याचं."